अद्भुताला जनानखान्याचा फास : ‘झीरो नो त्सुकाइमा’च्या निमित्ताने

मागच्या सत्रातली गोष्ट. एम. ए. द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीने सेमिनारच्या निबंधासाठी विषय आणला : ‘झीरो नो त्सुकाइमा’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेतील अद्भुतरस. विभागाच्या बैठकीत हशा पिकला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ‘आता कार्टूनवर एम. ए. करायचे राहिले होते’ असा शेरा मारला. दुसऱ्यांनी मालिकेविषयी कुठेतरी वाचले होते. एका नायकाभोवती पाच-सहा तरुणी पिंगा घालतात असे काहीतरी ते आहे, तेव्हा सभ्य लोकांनी त्याची चर्चा करू नये, असे त्यांचे म्हणणे. तिसरे, वयाने तरुण आणि स्वतःला उदार समजणारे, म्हणाले की मुले करमणूक म्हणून पाहतात, त्यात एवढे शोधण्यासारखे काय आहे? विषय नामंजूर झाला. मी त्या बैठकीत गप्प बसले. नंतर मात्र चारही पर्वे, म्हणजे ४९ भाग, सलग पाहिले. हा लेखनप्रपंच त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून.

तिरस्कार, सोवळेपणा आणि औदार्य या तीन प्रतिक्रिया वरवर वेगळ्या दिसतात. तिघांचेही म्हणणे एकच होते : हे वाचण्याच्या, म्हणजे समीक्षेच्या दृष्टीने वाचण्याच्या, लायकीचे नाही. माझे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ही मालिका गंभीरपणे वाचली तरच तिच्यातले सामर्थ्य दिसते, आणि ते सामर्थ्य दिसल्यावरच तिने केलेला अपराधही नीट दिसतो. तो अपराध अश्लीलतेचा कमी आणि कथनाचा जास्त आहे. एका उत्तम अद्भुतकथेचा गळा तिच्याच जनानखान्याने आवळला, हे मला दाखवायचे आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. नोबोरू यामागुची या लेखकाने २००४ साली याच नावाची कादंबरीमाला सुरू केली. ‘लाइट नॉव्हेल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, चित्रांसह छापल्या जाणाऱ्या, प्रामुख्याने कुमार-तरुण वाचकांसाठी असलेल्या प्रकारातली ही माला. तिच्यावरून निघालेल्या अ‍ॅनिमेची पर्वे २००६, २००७, २००८ आणि २०१२ साली आली. कथा हाल्केगिनिया नावाच्या काल्पनिक खंडात घडते. तिथे जादू येते तो सरदार, येत नाही तो रयत. त्रिस्तेन राज्यातल्या जादूविद्यालयात लुईज ही उच्च कुळातली मुलगी शिकते. तिची एकही जादू साधत नाही, म्हणून तिला सगळे ‘शून्य लुईज’ म्हणून हिणवतात. प्रत्येक विद्यार्थ्याने मंत्राने एक अंकित जीव बोलवायचा असतो; त्या जीवाला ‘त्सुकाइमा’ म्हणतात. कोणाला अग्निसरडा मिळतो, कोणाला उडता सर्प. लुईजच्या मंत्राने आजच्या तोक्योतला साइतो हिरागा हा साधा शाळकरी मुलगा तिथे येऊन पडतो. चुंबनाने करार पक्का होतो, त्याच्या डाव्या हातावर मुद्रा उमटते आणि तो तिचा सेवक ठरतो.

या आरंभाकडे आपण साहित्याचे अभ्यासक म्हणून पाहायला हवे. आपल्या जगातला माणूस परक्या जगात जातो ही कल्पना जुनी. पण इथे तो राजा किंवा त्राता म्हणून जात नाही, जनावराच्या जागी जातो. गवताच्या पेंढीवर झोपतो, जमिनीवर बसून जेवतो, मालकिणीचे कपडे धुतो. लोकशाही देशात वाढलेल्या मुलाला जन्मसिद्ध उच्चनीचता अंगावर झेलावी लागते. ग्विश नावाचा सरदारपुत्र त्याला द्वंद्वात रक्तबंबाळ करतो आणि क्षमा मागायला सांगतो. साइतो उठतो, पडतो, पुन्हा उठतो, पण मान झुकवत नाही. हा प्रसंग स्वस्त नाही. ज्याला हक्क ही हवेसारखी सहज मिळालेली गोष्ट वाटत होती, त्याला हक्क नसणे म्हणजे काय ते हाडांतून कळते. आपल्याकडे अद्भुतकथेला पलायनवादी ठरवण्याची घाई असते. पलायन उलट्या दिशेने, सुखातून दास्याकडे, झाले तर ती कथा काय दाखवू शकते याचा हा नमुना आहे.

मालिकेचे दुसरे बळ म्हणजे मानाविषयीचा वाद. लुईजला पाठ न दाखवणे म्हणजे सरदारपण वाटते. साइतोला मानासाठी मरणे हा शुद्ध मूर्खपणा वाटतो. हा वाद दोन पर्वे पुरतो. दुसऱ्या पर्वाच्या अखेरीस माघार घेणाऱ्या सैन्याला वाचवण्यासाठी लुईजला एकटीला मागे राहण्याचा, म्हणजे मरण्याचा, हुकूम येतो. साइतो तिला गुंगीचे औषध देतो, जहाजावर पोचवतो आणि सत्तर हजारांच्या फौजेसमोर स्वतः उभा राहतो. मानाला हसणाराच मानासारखे काहीतरी करून बसतो. ते मानासाठी केले की प्रेमासाठी, हे त्यालाही सांगता येणार नाही. ही संदिग्धता मी कोणत्याही चांगल्या कादंबरीत मान्य केली असती.

तिसरे बळ आहे कोलबेर. टक्कल पडलेला, विसरभोळा, यंत्रांचे वेड असलेला हा अध्यापक सुरुवातीला विनोदासाठी ठेवलेला वाटतो. अग्नीचा उपयोग केवळ जाळण्यासाठी नसावा या ध्यासाने तो एक ओबडधोबड इंजिन बनवतो आणि विद्यार्थी त्याला हसतात. पुढे कळते की तो एकेकाळी लष्करी तुकडीचा प्रमुख होता आणि वरून आलेल्या हुकमाने त्याने एक गाव जाळले होते. त्या गावातून वाचलेली मुलगी आन्येस आता राणीच्या रक्षकदलाची प्रमुख आहे आणि सूडासाठी त्यालाच शोधते आहे. विद्यालयावर हल्ला होतो, तेव्हा त्याला भित्रा म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तो पुन्हा अग्नी हाती घेतो. ज्ञानाचे पाप आणि अध्यापकाचे प्रायश्चित्त हा विषय वर्गात शिकवणाऱ्या कोणालाही अस्वस्थ करील. आमच्या बैठकीतल्या एकानेही हे पात्र पाहिलेले नव्हते.

चौथ्या गोष्टीला बळ म्हणावे की दुबळेपणा, हे ठरवणे कठीण आहे. शीर्षकातल्या ‘झीरो’ला तीन अर्थ आहेत. लुईजचे अपयश म्हणजे शून्य. तिच्यात दडलेली, चार भूतांपलीकडची ‘पोकळी’ची जादू म्हणजेही शून्य. आणि तिसरा शून्य म्हणजे विमान. विद्यालयातली मोलकरीण सिएस्टा हिच्या गावी ‘नागाचे वस्त्र’ म्हणून पूजलेली एक वस्तू असते. ती दुसऱ्या महायुद्धातले जपानी नौदलाचे ‘झीरो’ लढाऊ विमान निघते. सिएस्टाचा जपानी पूर्वज ते घेऊन या जगात येऊन पडलेला होता. जपानी सम्राट-शकाच्या २६०० व्या वर्षी, म्हणजे १९४० साली, स्वीकारलेले म्हणून त्या विमानाच्या नावात शून्य. कल्पना विलक्षण आहे : परक्या भूमीत मेलेला सैनिक, त्याची वाचता न येणारी समाधी आणि देवघरात बसवलेले युद्धयंत्र. पण हे विमान कोणत्या युद्धातले, कोणाच्या आकाशात ते उडाले, याविषयी मालिका अवाक्षर काढत नाही. साइतो ते उडवून आक्रमकांच्या आरमारावर जातो आणि प्रेक्षकाने टाळ्या वाजवायच्या असतात. कोलबेरच्या बाबतीत आगीची आठवण ठेवणारी मालिका विमानाच्या बाबतीत स्मृतिभ्रंश पत्करते. हा दोष गंभीर आहे. पण तो मोठ्या विषयाला हात घातल्यामुळे झालेला दोष आहे.

आता जनानखान्याकडे वळू. ‘हॅरेम’ हा शब्द चाहत्यांचाच. एक सामान्य नायक, त्याच्यावर अनुरक्त असलेल्या अनेक नायिका आणि कोणाचीच निवड न होणे, असा हा साचा. ‘तेन्ची मुयो!’पासून ‘लव्ह हिना’पर्यंत नव्वदच्या दशकात तो घट्ट झाला. ‘लव्ह हिना’च्या अ‍ॅनिमेचे दिग्दर्शक योशिआकी इवासाकी यांनीच या मालिकेचे पहिले आणि शेवटचे पर्व दिग्दर्शित केले, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

हा साचा अद्भुतकथेचे काय करतो ते नायिकांची यादी लावून पाहावे. हेन्रिएता ही राजकन्या आणि पुढे राणी. तिचा प्रियकर, आल्बियनचा राजपुत्र वेल्स, मारला जातो. त्याचे प्रेत जादूने चालते करून तिला भुलवले जाते. त्या दुःखातून ती देशाला युद्धात लोटते. शोकग्रस्त स्त्रीच्या हाती राज्य आल्यावर काय घडते, ही शोकांतिकेची सामग्री आहे. टॅबिथा ही खरे तर गॅलियाची राजकन्या. काकाने तिच्या बापाला मारले, तिच्यासाठी आणलेले विष पिऊन आई वेडी झाली, आणि ती त्याच काकाची चाकरी करते आहे. ही तर हॅम्लेटची बहीण. टिफानिया अर्धी एल्फ, दोन्ही जातींना नकोशी, जंगलात अनाथ मुले सांभाळणारी. सिएस्टा खालच्या वर्गातली, परक्या रक्ताचा वारसा बाळगणारी. प्रत्येकीला स्वतंत्र कादंबरी पुरली असती. आणि प्रत्येकीचा शेवट एकाच जागी होतो : साइतोच्या दाराशी, रांगेत. युद्ध पुकारणारी राणी त्याच्या चुंबनासाठी झुरते, सूडाने थंड झालेली टॅबिथा त्याची मूक पाठराखीण होते, टिफानियाच्या वांशिक दुःखापेक्षा तिच्या शरीरयष्टीवरचे विनोद अधिक वेळ खातात. जनानखाना बायकांची संख्या वाढवतो असे आपण समजतो. प्रत्यक्षात तो त्यांच्या कथा कमी करतो. पाच कथांची एक कथा होते आणि तीही पुढे सरकत नाही.

मालिकेचा आत्मविरोध याहून खोल आहे. पहिल्या पर्वात मॉट नावाचा सरदार सिएस्टाला आपल्या वाड्यावर ‘कामाला’ नेतो. कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि मोलकरणीला नकाराचा अधिकार नसतो. साइतो तिथे धडकतो. किर्खेच्या घराण्याकडचा एक दुर्मीळ ग्रंथ देऊन तिची सुटका होते. हा खरा जनानखाना. सत्ता, दारिद्र्य आणि शरीर यांचा व्यवहार मालिका इथे स्वच्छपणे दाखवते आणि त्याचा धिक्कार करते. ग्विशबरोबरच्या द्वंद्वाचे मूळही तो एकाच वेळी दोन मुलींना खेळवताना उघडा पडतो यातच आहे. म्हणजे अनेकींना झुलवणारा पुरुष हास्यास्पद आणि त्यांना विकत घेणारा दुष्ट, हे मालिकेला आरंभी पक्के ठाऊक होते. मग सरदाराच्या वाड्यातून सोडवलेली हीच सिएस्टा नायकाच्या कोठीत आपल्या खुशीने रांगेत उभी केली, की सगळे गोड? सत्तेचा प्रश्न सुटला नाही, फक्त मालक बदलला आणि तो आपल्याला आवडणारा निघाला.

इथे माझ्या विद्यार्थिनीने केलेला प्रतिवाद नोंदवणे आवश्यक आहे. तिचे म्हणणे असे : इथे चाबूक लुईजच्या हाती आहे, साइतोला ती कुत्रा म्हणते, तेव्हा ही रचना पितृसत्तेला उलटी टांगते. युक्तिवाद हुशारीचा आहे, पण मला पटत नाही. सत्ता म्हणजे ज्याने काही बदलते ते. लुईजचा चाबूक शंभर वेळा उडतो आणि काहीही बदलत नाही. तिचा मत्सर रास्त असतो, तिचा अपमान खरा असतो. पण मारामारी विनोदी झाली की तिची तक्रार ऐकण्याची जबाबदारी संपते. बाहेरून तुसडी, आतून हळवी अशा नायिकेला जपानी चाहते ‘त्सुनदेरे’ म्हणतात. लुईज तिचे आदर्श उदाहरण मानली जाते, आणि रिए कुगिमिया या अभिनेत्रीचा आवाज तिला चिकटून बसला. तो आवाज अप्रतिम आहे; रागाच्या मधोमध रडू फुटण्याची जागा ती अचूक पकडते. पण आवाजाला जे कळते ते पटकथेला कळत नाही.

याच संदर्भात आपल्या नायिकाभेदाची आठवण येते आणि घाईने तुलनाही केली जाते : ‘आपल्याकडेही साचे होतेच की.’ होते. पण अष्टनायिका हे आठ स्त्रियांचे वर्गीकरण नाही, आठ अवस्थांचे आहे. एकच स्त्री आज वासकसज्जा, उद्या खंडिता, परवा प्रियकराला हाकलून दिल्यावर पस्तावणारी कलहांतरिता. त्या भेदाच्या पोटात काळ आहे. हिरोकी आझुमा या जपानी समीक्षकाने २००१ सालच्या पुस्तकात दाखवले की चाहत्यांच्या संस्कृतीत पात्रे ही जणू कोठारातले सुटे भाग जोडून तयार होतात : चष्मा, मोलकरणीचा पोशाख, विशिष्ट केस, विशिष्ट बोलणे. हे भाग म्हणजे अवस्था नव्हेत, खुणा आहेत. आणि खुणेला भूतकाळ नसतो, भविष्यही नसते. लुईज ४९ भाग खंडिताच राहते. आपल्या परंपरेचा दाखला द्यायचा तर तो मालिकेच्या समर्थनार्थ देता येत नाही.

जनानखान्याचा विषयच हीन, असेही माझे म्हणणे नाही. संस्कृतातली नाटिका हा प्रकार अंतःपुरातल्या प्रेमावरच उभा आहे. हर्षाच्या ‘रत्नावली’तली वासवदत्ता सागरिकेला बेड्या घालून कोंडते, थोरल्या राणीचा राग तिथे कथानक हलवतो आणि तिच्या संमतीशिवाय शेवट होऊ शकत नाही. खुद्द जपानकडे पाहावे. अकराव्या शतकारंभी मुरासाकी शिकिबूने लिहिलेल्या ‘गेंजी’त नायक चार ऋतूंची चार दालने असलेला प्रासाद बांधतो आणि आपल्या स्त्रियांना त्यांत ठेवतो. यापेक्षा सुंदर जनानखाना वाङ्मयात क्वचितच असेल. पण तिथे प्रत्येक नव्या स्त्रीची किंमत जुनी स्त्री मोजते. नायिका मुरासाकी संन्यासाची परवानगी मागते, गेंजी नाकारतो, आणि ती झिजून मरते. त्या नकाराचे ओझे पुढच्या पानांवरून उतरत नाही. हजार वर्षांपूर्वी एका स्त्रीने जे लिहिले ते त्याच भाषेतल्या एकविसाव्या शतकातल्या मालिकेला पेलू नये?

आणि ज्या नावावरून यामागुची यांनी नायिका घडवली तिचे काय? लुईज द ला व्हालिएर ही खरी स्त्री. फ्रान्सच्या चौदाव्या लुईची प्रेयसी, राजाच्या भावजयीच्या, हेन्रिएताच्या, सेवेतली. द्यूमाच्या कादंबरीतही ती येते. राजाचे मन दुसरीकडे वळल्यावर काही वर्षे दरबारात अपमान सोसून १६७४ साली ती कार्मेलाइट मठात गेली आणि उरलेले आयुष्य तिथेच राहिली. द्यूमाप्रेमी लेखकाने हे नाव घेतले. त्या नावातला निर्णय मात्र घेतला नाही.

मालिकेला तिचा खरा प्रश्न सापडला नव्हता असे नाही, म्हणून तर चीड येते. सत्तर हजारांशी लढून मरणाच्या दारातून परतलेल्या साइतोच्या हातावरची मुद्रा नाहीशी होते. करार संपला. मग आजवरचे प्रेम त्याचे होते की मुद्रेचे? बांधलेल्याचे प्रेम हे प्रेम असते का? तिसऱ्या पर्वाच्या आरंभी लुईज पुन्हा मंत्र म्हणायला कचरते, कारण या वेळी दुसराच कोणी येऊ शकतो. शेवटी दार उघडते ते साइतोसमोरच, आणि तो या वेळी जाणूनबुजून येतो. संपूर्ण मालिकेतला हा सर्वांत सुंदर क्षण. दास्य स्वेच्छेने स्वीकारले की ते दास्य राहत नाही, की अधिकच पक्के होते? हा प्रश्न एका पर्वाला पुरला असता. त्यानंतर काय होते? गैरसमज, स्नानगृहे, चाबूक. शाळकरी वयाच्या मुलींच्या देहावर रेंगाळणारा कॅमेरा तर केवळ रसभंग करत नाही; तो गैर आहे, आणि ते म्हणण्यासाठी सोवळे असावे लागत नाही.

अखेर २०१२ च्या पर्वात साइतो आणि लुईज यांचे लग्न होते. म्हणजे निवड झाली ना, असे समर्थक विचारतील. झाली, पण ती पहिल्या भागापासून सगळ्यांना ठाऊक होती. जनानखान्याने निवड अवघड केली नाही, फक्त लांबवली. आणि निवड झाल्यावर सिएस्टाचे काय गेले, टॅबिथाचे काय गेले, याचा हिशेब कोणी मांडला नाही. जिथे कोणाचेच काही जात नाही तिथे कोणाला काही मिळालेही नाही.

यामागुची यांच्याविषयी कठोर होताना एक गोष्ट विसरता येत नाही. मालेचे २० खंड पूर्ण करून ते २०१३ साली, अवघ्या एक्केचाळिसाव्या वर्षी, गेले. शेवटचे दोन खंड त्यांच्या टिपणांवरून दुसऱ्या लेखकाने लिहिले आणि ते २०१६ व २०१७ साली आले. मरणाशी झुंजणाऱ्या लेखकाने आपली कथा कुठे संपावी हे लिहून ठेवले, याबद्दल मला आदरच आहे. माझा रोष त्यांच्यावर कमी आणि त्यांच्या हाती आयत्या पडलेल्या साच्यावर अधिक आहे. तो साचा या मालेनंतर सैल झाला नाही. परलोकात गेलेल्या नायकांच्या ‘इसेकाई’ कथांचे पुढे पीक आले; त्यांतल्या पुष्कळांनी या मालिकेकडून जनानखाना उचलला आणि पेंढीवर झोपणारा सेवक मागे ठेवला. नायक आता येतो तोच सर्वशक्तिमान होऊन.

म्हणून सहकाऱ्यांना विनंती आहे की ‘कार्टून’ हा शब्द निर्णय म्हणून वापरू नये. विद्यार्थ्यांनाही सांगावेसे वाटते की ‘करमणूकच तर आहे’ हे वाक्य तुमच्या आवडत्या मालिकेचा सर्वांत मोठा अपमान आहे. ज्या कृतीत कोलबेर आहे, तिच्याकडून जास्त मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

नव्या सत्रात ती विद्यार्थिनी पुन्हा विषय मांडणार आहे. या वेळी मार्गदर्शक म्हणून अर्जावर माझी सही असेल. शीर्षकात मात्र मी तिला एक बदल सुचवला आहे : ‘अद्भुतरस’ या शब्दापुढे ‘आणि त्याची गळचेपी’ असे जोडावे. तिला ते मान्य नाही. तिचा प्रतिवाद मी निबंधातच वाचणार आहे.